आकाशाला शांतता हवी, मालाला रस्ता हवा

शिनोलीहून खोडदला जायचे म्हणजे आधी घोडेगाव, मग मंचर, तेथून नाशिक रस्त्याने नारायणगाव आणि पुढे उजवीकडे आत. विज्ञान दिनाला आम्ही काही कार्यकर्ते गावातील शाळकरी मुलांना घेऊन तेथील रेडिओ दुर्बीण पाहायला गेलो होतो. गाडी गावातल्याच एका कांदा-बटाटा पिकवणाऱ्या शेतकऱ्याने दिली आणि तो स्वतःच चालवायला आला. फाटकाशी सर्वांना मोबाइल बंद करायला सांगण्यात आले. तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, एवढ्या मोठ्या दुर्बिणीला आपल्या मोबाइलची कसली भीती?" परतताना गाडीवाल्या शेतकऱ्याने दुसरा प्रश्न टाकला. "भाऊसाहेब, या दुर्बिणीपायी आपली रेल्वे गेली म्हणतात, ते खरे का?"

वाचक हो, आम्ही बी.कॉम. झालेला कारकून माणूस. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथील माहिती सांगणाऱ्यांकडून आणि नंतर पुस्तकांतून मिळवले. दुसऱ्याचे उत्तर अजून पुरते मिळालेले नाही. परंतु हे दोन्ही प्रश्न एकाच गाडीत बसून आले होते आणि ते एकत्रच पाहिले पाहिजेत, असे आम्हांला वाटते.

खोडदची दुर्बीण म्हणजे काच लावलेली नळी नव्हे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ खोडदच्या मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या चौकोनात आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर दूरदूरच्या शिवारांत उभ्या आहेत. या सगळ्यांचा पसारा २५ किलोमीटर भरतो. तीसही तबकड्यांनी ऐकलेले काचतंतूच्या तारांनी एका ठिकाणी आणून जुळवले, की २५ किलोमीटरच्या एकाच तबकडीने पाहिल्याइतका बारकावा मिळतो. जवळ गेल्यावर मुलांना मौज वाटली ती याची, की तबकडी पत्र्याची नाही. ती जाळीची आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची पोलादी तार, एक ते दोन सेंटिमीटरची भोके. एक मुलगा म्हणालाच, "ही तर खुराड्याची जाळी!" तो चुकला नाही. डॉ. गोविंद स्वरूप यांची कल्पकता तीच होती. लांब लहरींना जाळीची भोके दिसत नाहीत, त्या जाळीवरूनच परततात. वारा मात्र आरपार निघून जातो, म्हणून सांगाडा हलका करता येतो आणि खर्च वाचतो. परदेशी आराखड्याची नक्कल केली असती तर एवढ्या तबकड्या आपल्या देशाला परवडल्या नसत्या.

या स्वरूपांनी १९६५ साली कल्याणला ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांची दुर्बीण उभारली, १९७० मध्ये उटीची पुरी केली आणि मग १९९० च्या दशकात खोडदची. कल्याणहून जुन्नरकडे! ही वाट आमच्या मुलखाला नवी नाही. पण ते पुढे.

आता त्या मुलीचा प्रश्न. विश्वात सर्वांत जास्त असलेला पदार्थ म्हणजे हायड्रोजन. त्याचा एकटा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ही लहर प्रवासात ताणली जाते. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीवर पेनाने नागमोडी रेघ काढा आणि पट्टी ओढा. रेघेचे बाक लांब होतात, तसेच. जितका जुना प्रवास, तितकी लांब लहर. २०२३ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातले अर्णब चक्रवर्ती आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे निरुपम रॉय यांनी खोडदच्या नोंदींतून अशी एक लहर ओळखली. ती जवळजवळ ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघाली होती. निघताना २१ सेंटिमीटर होती, खोडदला पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची झालेली होती. मध्ये दुसरी एक दीर्घिका भिंगासारखी आली आणि तिने हा संकेत सुमारे तीसपट वाढवला, म्हणून तो हाती लागला.

याहून मागे जाण्याचाही प्रयत्न याच जाळ्यांनी केला आहे. विश्वाचे वय आज १३८० कोटी वर्षे धरतात. ते जेमतेम ६० कोटी वर्षांचे होते तेव्हा पहिल्या तारकांच्या प्रकाशाने सभोवतालचा हायड्रोजन पालटू लागला होता. त्या काळची लहर आपल्यापर्यंत येते ती दोन मीटर लांबीची होऊन, दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास. २०११ आणि २०१३ मध्ये खोडदच्या निरीक्षणांवरून प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांत तो संकेत सापडला नाही. मात्र 'असलाच तर एवढ्याहून मोठा नाही' अशी हद्द आखता आली. न सापडल्याचेही असे प्रामाणिक टिपण ठेवणे आम्हांला फार आवडले. आमच्या कचेरीतल्या फायलींत ते क्वचितच दिसते.

आणि हीच तर अडचण. दीडशे मेगाहर्ट्झ म्हणजे आपल्या एफ.एम. रेडिओच्या शेजारचे आळे. बिनतारी संदेश, मनोरे, ठिणग्या उडवणारी विजेची यंत्रे, सगळ्यांचा गोंगाट याच बाजूला. पूर्वी घरात ट्रान्झिस्टर चालू असताना कोणी विहिरीवरची मोटार सुरू केली, की खरखर यायची. तेच येथे. चंद्रावर एखादा चालू मोबाइल ठेवला, तर पृथ्वीवरून तो आकाशातील सर्वांत तेजस्वी रेडिओ दिव्यांमध्ये गणला जाईल. मग तो फाटकातच खिशात असला तर? म्हणून ही जागा निवडताना डोंगरांचा आडोसा पाहिला गेला, शहरापासूनचे अंतर पाहिले गेले. मुलीने वहीत लिहून घेतले, "भीती नाही, गोंगाट."

प्रत्येक संशोधनाची अशी एक अट असते. याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मुंबईतील प्रयोगशाळेत १९९४ च्या सुमारास यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगात अतिवाहकता दिसली, म्हणजे वीज काडीचाही अडथळा न होता वाहू लागली. २०१६ साली तेथल्याच एस. रामकृष्णन यांच्या गटाने बिस्मथ या धातूत ती दाखवली. पण केव्हा? निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या अर्ध्या हजाराव्या भागाइतकेच तापमान उरले तेव्हा. त्यांना अशी थंडी हवी, खोडदला शांतता हवी. कोणी म्हणेल, याचा गरिबाला उपयोग काय? पाऱ्यातील अतिवाहकता १९११ साली सापडली तेव्हाही असे विचारता आले असते. आज तालुक्याचा रुग्ण एम.आर.आय.साठी पुण्याला नेतात, त्या यंत्रांतले मोठे चुंबक बहुधा अतिवाहक तारेचेच असतात.

मात्र थंडी प्रयोगशाळेच्या चार भिंतींत करता येते. शांतता गावांकडून मागावी लागते, आणि येथे गाडीवाल्या शेतकऱ्याचा प्रश्न सुरू होतो.

पुणे-नाशिक मध्यम वेगवान रेल्वेचा सुमारे २३५ किलोमीटरचा आराखडा होता. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा सरळ मार्ग. काही ठिकाणी जमिनीही घेतल्या गेल्या होत्या. २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी, सरळ मार्गाने खोडदच्या दुर्बिणीला बाधा येते म्हणून मार्ग बदलावा लागतो असे सांगितले आणि शिर्डीच्या बाजूने जाणारा पर्याय पुढे आला. विजेवरची गाडी वरच्या तारेला घासून ठिणग्या पाडते, त्यांचा आवाज रेडिओच्या सर्व पट्ट्यांत पसरतो. म्हणजे शास्त्रज्ञांची तक्रार खोटी नाही. पण नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा-बटाटा, पश्चिमेच्या आदिवासी पाड्यांतून पाठीवर उतरणारा हिरडा, हा सगळा माल नाशिक रस्त्याच्या कोंडीतच अडकून राहणार, हेही खोटे नाही. सरळ मार्गच हवा, दुर्बिणीजवळ वळसा घाला, ही मागणी जुन्नर, आंबेगाव, खेड तिन्ही तालुक्यांतून होत आली आहे.

हा मुलूख व्यापारावर वाढला, हे सांगायला दगड साक्षीला आहेत. कोकणातल्या कल्याण-सोपाऱ्याहून माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि त्यात आकडे खोदलेले आहेत. भारतातल्या जुन्यातल्या जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा, असे लोक सांगतात. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे वाचा. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले. कल्याणच्या सोनाराने टाके दिले. यवनांनीही दाने दिली. आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम व्याजाने ठेवल्याचा लेख आहे. ज्या बुरुडाच्या हातची टोपली पुढे लोकांनी चालवली पण त्याला दारात उभे केले नाही, त्याच्या पूर्वजांच्या संघटनेकडे विहाराचा पैसा विश्वासाने ठेवला जात होता! कोलंबिया विद्यापीठात शिकताना बाबासाहेबांनी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला होता, तो विषय त्यांनी उगाच निवडला नसावा.

या व्यापाराचा अभ्यास ज्यांनी पायी फिरून केला, ते दामोदर धर्मानंद कोसंबी. 'भगवान बुद्ध' लिहिणाऱ्या धर्मानंदांचे चिरंजीव. १९४५ ते १९६२ ते त्याच टाटा संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते, जिच्या छत्राखाली आज खोडदची दुर्बीण चालते. हजारो जुनी नाणी त्यांनी तराजूत तोलली. नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणून वजनावरून ते किती चलनात राहिले याचा हिशेब त्यांनी मांडला. लेणी व्यापारी वाटांवर का आहेत, हे समजून घेण्यासाठी काठी घेऊन ते घाट चढले, गुराख्यांशी, शेतकऱ्यांशी बोलले. गणिती माणसाला गावकऱ्याच्या घराचा उंबरा परका वाटला नाही.

आम्हांला खटकते ते येथेच. दुर्बीण असावी. ती जावी असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु रेल्वे किती अंतरावरून गेली तर किती गोंगाट वाढतो, ठिणग्या अडवायला काय करता येते, बोगदा किंवा आडभिंत चालेल का, त्याचा खर्च किती, हे सोप्या मराठीत छापून शिनोली, घोडेगाव, मंचरच्या चावडीवर कोणी लावलेले आम्ही तरी पाहिले नाही. उलट शेतकऱ्यालाही, तुझ्या मालाचा वाहतुकीत क्विंटलमागे किती तोटा होतो, हे कोणी मोजून विचारलेले नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब न मांडता ताळेबंद लिहिला, तर आमच्यासारखा कारकूनसुद्धा त्यावर सही करणार नाही. या खोऱ्याने आधी डिंभे धरणासाठी जुने आंबेगाव पाण्याखाली दिले आहे. पाणी कालव्याने खाली गेले. देण्याची सवय आहे, पण विचारले जाण्याची नाही.

दुसरे असे, की ज्या गावांनी शांतता राखायची, त्यांची मुले फाटकातून वर्षातून एकदा आत जाऊन बाहेर यावीत, एवढेच नाते पुरेसे नाही. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी, मग एम.एस्सी., 'जेस्ट' किंवा टाटा संस्थेची प्रवेश परीक्षा द्यावी. पीएच.डी.ला निवड झाली तर विद्यावेतन मिळते, घरी पैसे मागावे लागत नाहीत. हे आमच्या वस्तीतल्या किती पालकांना माहीत आहे? आम्हांलाच ते चाळिशी उलटल्यावर कळले. आमच्या वेळी बँकेची नाहीतर तलाठ्याची परीक्षा, यापलीकडे वाट कोणी दाखवली नव्हती.

परतल्यावर त्याच रात्री शिनोलीत आम्ही बसलो आणि दुर्बीण चालवणाऱ्या केंद्राला अर्ज लिहिला. अर्ज लिहिणे हे आमचे रोजचेच काम. वरील प्रश्न क्रमाने मांडले, मराठीत उत्तर द्यावे व गावात येऊन सांगावे अशी विनंती केली. गाडीवाल्या शेतकऱ्याने पहिली सही केली. नववीतल्या मुलीने, सही नको, खाली माझाही प्रश्न लिहा, म्हणून आग्रह धरला. तो असा: "विश्व ६० कोटी वर्षांचे असतानाची लहर पुन्हा शोधणार आहात का, आणि तेव्हा मी बारावी झाले असेन तर मला बसू द्याल का?" उत्तर आले की याच पानावर छापू.