विजेची भोवरकडी

खुंटाला बांधलेलं जनावर दिवसभर एकाच बाजूनं फिरत राहिलं की दाव्याला पीळ पडत जातो. पीळ वाढला की दावं आखूड होतं, त्याला वेटोळी पडतात, आणि जनावराला मान हलवणंही मुश्कील होतं. यावर आपल्याकडे फार जुना उपाय आहे, तो म्हणजे भोवरकडी. लोखंडाची एक कडी, आणि तिच्यात अडकवलेला दुसरा भाग स्वतःभोवती मोकळा फिरणारा. दाव्यात ती बसवली की जनावर हवं तितकं फिरो, पीळ कडीपाशी येतो आणि तिथंच सुटतो.

घरातल्या इस्त्रीच्या वायरीला हेच दुखणं असतं. इस्त्री फिरवायची, कपडा उलटताना ती टाचेवर उभी करायची, पुन्हा उचलायची. दर वेळी मनगट थोडं वळतं आणि ते बहुधा एकाच दिशेनं वळतं. एका शर्टामागे अर्धा वेढा उरला असं धरलं, तरी वीस शर्टांमागे दहा वेढे झाले. लॉन्ड्रीवाल्याच्या टेबलावर तर दिवसभर हेच चालू असतं. (कोळशाची इस्त्री वापरणाऱ्याला हा त्रास नाही, त्याचे त्रास वेगळे.) मग या वायरीलाही एक भोवरकडी बसवली की काम झालं, असं वाटतं. पण दाव्यातून फक्त ओढ जाते, वायरीतून वीज जाते. सगळी अडचण इथून सुरू होते.

आधी पीळ म्हणजे काय ते पाहू. हात-दीड हात लांबीची दोरी दोन्ही हातांत ताणून धरा आणि एक टोक पिळत जा. ताण आहे तोवर दोरी सरळ दिसते, पीळ तिच्या अंगात मुरलेला असतो. आता दोन्ही हात जवळ आणा. दोरी लगेच स्वतःभोवती वेटोळं घालते. पीळ नाहीसा झालेला नाही, त्यानं फक्त रूप बदललं. अंगातला पीळ कमी झाला की वेटोळी वाढतात, वेटोळी ताणून सरळ केली की पीळ पुन्हा अंगात जातो. दोहोंची बेरीज तीच राहते. रुमानियन गणिती कालुगारेआनू यांनी १९६१च्या सुमाराला हा हिशेब सूत्रात बसवला आणि पुढे पेशीतल्या डीएनएची गुंडाळी समजून घ्यायला जीवशास्त्रज्ञांना तो उपयोगी पडला. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की दोन्ही टोकं पक्की धरलेली असताना पीळ कुठंही जाऊ शकत नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. तो घालवायचा तर एक टोक मोकळं सोडावं लागतं. इस्त्रीच्या वायरीचं एक टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये अडकलेलं आणि दुसरं इस्त्रीत आवळलेलं. पीळ जाणार कुठं?

पिळामुळे वायर नुसती ओंगळ दिसली असती तर एवढं बोलण्याचं कारण नव्हतं. पण वायरीच्या आतला प्रत्येक पदर अनेक बारीक तांब्याच्या तारांचा असतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘तेवीस छत्तीस’ किंवा ‘चाळीस छत्तीस’ वायर मागतात, ती याच हिशेबानं: छत्तीस गेजच्या तेवीस किंवा चाळीस तारा. छत्तीस गेज म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही किंचित बारीक. पिळाचा आणि वाकण्याचा मार वायर इस्त्रीत किंवा प्लगमध्ये शिरते त्या बोटभर जागेवर सर्वांत जास्त बसतो. तिथल्या तारा एकेक करून तुटतात. उरलेल्या तारांवर तेवढ्याच करंटचा भार पडतो आणि त्या तापू लागतात.

फेजची किंवा न्यूट्रलची वायर पूर्ण तुटली तर इस्त्री बंद पडते, आपण ती दुरुस्तीला नेतो. अर्थिंगची वायर तुटली तर काहीच होत नाही. इस्त्री पूर्वीसारखी तापते, कपडे होतात, दिवा लागतो. महिने जातात. मग कधीतरी आतल्या एलिमेंटचं इन्सुलेशन बिघडतं आणि वीज इस्त्रीच्या धातूच्या तळात उतरते. अर्थिंग शाबूत असतं तर फ्यूज उडाला असता. ते नसताना ही वीज वाट पाहत राहते, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून इस्त्रीला हात लावणाऱ्या माणसाची. म्हणून फिरता जोड बनवणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, की अर्थिंगचं काय केलंस? करंट वाहून नेण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

आता जोड बनवायला बसू. फिरत्या भागाला वीज पोचवण्याची रीत जुनीच आहे. एका दांड्यावर धातूची गोल कडी बसवायची आणि तिच्यावर स्प्रिंगनं दाबलेला संपर्क घासत ठेवायचा. कडी फिरली तरी संपर्क सुटत नाही. याला स्लिप रिंग म्हणतात. मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये अशा दोन कड्या असतात आणि त्यांवर कार्बनचे ब्रश घासत असतात. कार्बन, म्हणजे ग्राफाइट, स्वतःच वंगणाचं काम करतं. त्यातली गंमत अशी की त्याला त्यासाठी हवेतली आर्द्रता लागते. दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंचावरून उडू लागली तेव्हा तिथल्या कोरड्या हवेत जनरेटरचे ब्रश भराभर झिजून भुकटी होऊ लागले. शेवटी ग्राफाइटमध्ये विशिष्ट क्षार मिसळून त्यावर तोड काढावी लागली.

इस्त्रीला तीन कड्या हव्यात: फेज, न्यूट्रल, अर्थिंग. इस्त्री १००० वॉटची असेल तर २३० व्होल्टला सुमारे ४.३ अँपिअर करंट जातो. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाला रोधानं गुणून येते. वर्ग आला १९च्या आसपास. संपर्क चांगला असेल आणि त्याचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाइतका असेल, तर उष्णता पाव वॉटहूनही कमी; बोटाला जाणवणारसुद्धा नाही. पण कडी काळवंडली, स्प्रिंग सैल झाली आणि रोध अर्ध्या ओहमवर गेला, तर साडेनऊ वॉट! आकडा लहान वाटेल. पण दहा वॉटच्या छोट्या सोल्डरिंग आयर्ननं कथील वितळतं. ही उष्णता चिंचोक्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या बंद डबीत साठते. त्यातून स्प्रिंग तापली की तिचा जोर आणखी जातो, जोर गेला की रोध वाढतो, रोध वाढला की ती आणखी तापते.

मग स्प्रिंग चांगली करकचून दाबावी, हा सरळ उपाय सुचतो. इथंच खरा पेच आहे. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी एकमेकांना टेकतात ते काही मोजक्या बारीक उंचवट्यांवर, आणि सगळा करंट त्या ठिपक्यांतूनच जातो. दाब वाढवला की ठिपके रुंदावतात, पण फायदा दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं मिळतो. दाब दुप्पट केला तर रोध निम्मा होत नाही. जेमतेम तीस टक्क्यांनी कमी होतो. घर्षण मात्र सरळ दुप्पट होतं. आणि घर्षण वाढलं की जोड फिरायला जड होतो. भोवरकडी केव्हा काम करते? कडी फिरवायला लागणारा जोर दोरी पिळायला लागणाऱ्या जोरापेक्षा कमी असतो तेव्हा. गंजून घट्ट झालेली कडी असून नसल्यासारखी. वायर मऊ असते, तिला पिळायला फार जोर लागत नाही. म्हणजे जोड तिच्याहूनही हलका फिरायला हवा, आणि तरी संपर्क पक्का हवा.

यातून वाट काढता येते. घर्षणाचा फिरण्याला होणारा विरोध कडीच्या त्रिज्येवरही अवलंबून असतो. दाराला कडेला ढकललं तर ते सहज फिरतं आणि बिजागरीजवळ ढकललं तर दम लागतो, तसंच हे; इथं घर्षणाला दम लागावा म्हणून संपर्क आसाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणायचा. कड्या लहान करायच्या. दुसरी युक्ती अशी की एका जाड संपर्काऐवजी प्रत्येक कडीवर दोन-तीन हलकी बोटं ठेवायची, वेगवेगळ्या बाजूंनी. धक्का बसून एक बोट उचललं गेलं तरी दुसरं टेकलेलं राहतं, ठिणगी पडत नाही. अर्थिंगच्या कडीवर अशी बोटं जास्तच ठेवावीत, तिथं कंजुषी नको. बोटांना फॉस्फर ब्राँझ चांगलं, कारण ते तापल्यावर पितळेइतकं लवकर ढिलं पडत नाही. आणि घासणाऱ्या जागी चांदीचा मुलामा.

कड्या लहान करून जवळजवळ आणल्या की मात्र नवा धोका उभा राहतो. घासून धातूची भुकटी पडते. इस्त्रीची वाफ आणि कपड्यांची तुसं त्यात मिसळतात आणि फेजच्या कडीपासून न्यूट्रलच्या कडीपर्यंत एक काळी पायवाट तयार होते. म्हणून कड्यांच्या मधे इन्सुलेशनच्या उभ्या भिंती ठेवतात. विजेला सरपटत जायचं तर ती भिंत चढून उतरावी लागते, अंतर आपोआप वाढतं. आणखी एक पथ्य असं की वायरीला बसणारा हिसका संपर्कांवर येता कामा नये. तो ज्या बुशात जोड फिरतो त्यानं आणि वायर आवळणाऱ्या पकडीनं सोसायचा. हे जिथं पाळलेलं नसतं तिथं जोड वर्षभरात खडखडू लागतो.

कुणी म्हणेल, हेडफोनची गोल पिन तर सॉकेटमध्ये कितीही फिरते, मग एवढा खटाटोप कशाला? खरं आहे. ती पिन मूळची एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. टोक, कडी आणि नळी असे तिचे एकामागे एक भाग असतात. पण ती आत सरकवताना टोक वाटेतल्या प्रत्येक संपर्काला शिवत जातं. हेडफोनमध्ये नुसतं ‘खट्’ होतं. २३० व्होल्टला तिथं शॉर्ट होईल. शिवाय बाहेर काढल्यावर सगळा धातू उघडाच. टेलिफोनच्या रिसीव्हरची गुंडाळीची वायर पिळू नये म्हणून जी छोटी फिरती गुंडी मिळते, तिच्यात चार संपर्क असतात आणि काही शतांश अँपिअरपलीकडे करंट नसतो. तापण्याचा प्रश्नच नाही. तिथलं दुखणं उलटं आहे. करंट इतका क्षीण की संपर्कावरचा ऑक्साइडचा पापुद्रा त्याला फोडता येत नाही आणि कानात खरखर ऐकू येते. म्हणून तिथं सोन्याचा मुलामा लागतो.

मोठ्या यंत्रांत या घासत्या कड्यांनी फार मोठी कामं केली आहेत. सीटी स्कॅनच्या जुन्या यंत्रांत एक्स-रे नळी रुग्णाभोवती एक फेरी मारायची, थांबायची आणि वायरी पिळू नयेत म्हणून उलटी फिरायची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथं स्लिप रिंगा आल्या, नळी न थांबता फिरू लागली आणि एका श्वासात छातीचा स्कॅन पुरा होऊ लागला.

आणि काही ठिकाणी कडी मुद्दाम टाळतात. स्टीअरिंग चाकातल्या एअरबॅगला वीज घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या पट्टीतून पोचते. चाक दोन्हीकडे मोजकेच फेरे घेतं, पट्टीला तेवढं पुरतं, आणि अपघाताच्या क्षणी घासत्या संपर्काच्या भरवशावर राहावं लागत नाही.

पण फेऱ्यांना मर्यादाच नसेल आणि घासणारा जोडही नको असेल तर? अशक्य वाटतं, पण नाही. तळहातावर ताटली ठेवा. ती आडवीच ठेवून हात आतल्या बाजूनं काखेखालून फिरवा. ताटलीचा एक फेरा झाला, हात मात्र पिळवटलेला. तसाच, त्याच दिशेनं, आता डोक्यावरून फिरवत न्या. दुसरा फेरा पुरा होतो आणि हात सरळ! एका फेऱ्यात न सुटणारा पीळ दोन फेऱ्यांत सुटतो. याच तत्त्वावर डेल अॅडम्स यांना १९७१ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. वायरीचा बाक फिरत्या तबकडीच्या निम्म्या वेगानं तिच्याभोवती फिरवायचा, की वायर अखंड राहते आणि पीळ पडत नाही. यात दात्याच्या रक्तातून फक्त प्लेटलेट किंवा प्लाझ्मा वेगळा करणाऱ्या यंत्रांचं भलं झालं. त्यांतल्या अनेकांत रक्ताची नळी अशीच न जोडता फिरत्या भागात जाते. घासणारा जोडच नाही, म्हणून तिथून रक्तात काही मिसळायची भीती नाही. इस्त्रीला मात्र हे काही उपयोगाचं नाही. शर्टाभोवती निम्म्या वेगानं बाक कोण फिरवणार?

बाजारात ‘३६० अंश फिरणारी वायर’ असं खोक्यावर छापलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच इस्त्र्यांत वायर शिरते तिथं फक्त एक गोळा असतो. तो सगळीकडे झुकतो, त्यामुळे वायर मोडून वाकत नाही, हा फायदा खराच. पण आतल्या तारा अखंड असतात, पीळ सुटत नाही. ओळखायचं कसं? प्लग काढून ठेवायचा आणि वायरीचा मुळाजवळचा भाग एकाच दिशेनं फिरवत राहायचा. दोन-तीन फेऱ्यांत अडलं, तर तो गोळा. फिरतच राहिलं, तर आत कड्या आहेत. तशा मिळाल्या तर पन्नास-शंभर रुपये जास्त मोजायला हरकत नाही, विशेषतः ज्यांचं पोट इस्त्रीवर आहे त्यांनी.

साधी इस्त्री असेल तर आठवड्यातून एकदा, ती गार झाल्यावर, प्लग काढून वायर हवेत लोंबती सोडावी. प्लग आपोआप भिंगरीसारखा फिरून पीळ उतरवतो. आणि वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. प्लग बाहेर काढलेला असताना तो मीटरचं एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरं इस्त्रीच्या तळाला लावील. त्याला सांगा, आता वायर मुळाशी जरा हलव. मीटरचा काटा स्थिर राहिला तर ठीक. थरथरला, तर आतल्या तारा तुटायला लागल्या आहेत. वायर त्याच दिवशी बदलून घ्यायची.