भाड्याचे घर आणि घरोबा

व्यापारी घराण्यात शब्दाला हुंडीइतके मोल असते. म्हणूनच काही वर्षांपूर्वी पुण्यात बिबवेवाडीला दोन बेडरूमची सदनिका भाड्याने घेताना आम्ही करारपत्राचा आग्रह धरला नाही. मालक मंदिरात नित्य भेटणारे, मार्केट यार्डातील पेढी जवळ, आणि स्वयंपाकघरात पश्चिमेचा उजेड असा की सूर्यास्तापूर्वी पाने वाढण्यास दिवा लावावा लागत नसे. एक लाख रुपये अनामत दिली. साध्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. घर सोडताना मात्र रंगकाम व नळदुरुस्तीच्या नावाखाली त्यातून चाळीस हजार वजा झाले. दाखवायला आमच्याजवळ काही नव्हते. पैशांचे दुःख विरले. पण मंदिरात समोरासमोर येताच दोघांनी नजर वळवावी, हे सौभाग्यवतींच्या मनाला फार लागले.

यंदा थोरल्या चिरंजीवांसाठी त्याच भागात घर पाहिले. तेथील तरुण मालकही म्हणाले, "काका, आपसांत नोंदणी कशाला? अकरा महिन्यांचा करार करू, तो नोंदवावा लागत नाही."

हा समज आपल्याकडे फार रुजला आहे, आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळल्यास शिक्षेची तरतूद आहे. शिवाय वाद उद्भवला तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे ऐकून मालक गंभीर झाले.

खर्चाचा हिशेब आम्ही तिथेच मांडला. दरमहा 25,000 प्रमाणे 24 महिन्यांचे भाडे सहा लाख. एक लाख अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेले व्याज वीस हजार. या 6,20,000 वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे 1,550 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000. वर किरकोळ खर्च व दलालाचे निराळे. दोन वर्षांच्या निश्चिंतीसाठी हा आकडा कोणत्याही पेढीला जड नाही.

रंगकाम कोणी करावे, अनामत किती दिवसांत परत द्यावी, सोसायटीचा भोगवटाशुल्काचा बोजा कोणाकडे, हे करारात स्पष्ट लिहिले. मग मालक व चिरंजीव खोलीखोलीतून फिरले. पंखे, नळ, कपाटांच्या कड्या पाहून छायाचित्रे घेतली. न्हाणीघरातला एक नळ गळत होता. मालकांनी लगेच प्लंबरला फोन लावला, आणि चहा आमच्याकडे घेतला.