जागा आधी, गाडी नंतर

आरव्ही घेऊन तळ्याकाठी मुक्कामाला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी गाड्यांचे फोटो बघत बसतात. माझं सांगणं उलटं आहे. आधी जागा पक्की करा, गाडी त्या जागेच्या हिशेबाने शोधा. आम्ही सॉल्ट लेक सिटीत राहतो. सांगलीहून आई-बाबा आले तेव्हा त्यांना येलोस्टोनचं सरोवर दाखवायचं फार मनात होतं. आईचे गुडघे दुखतात, रात्री उठावं लागतं. तंबूत झोपायचं आणि अंधारात टॉर्च घेऊन लांबच्या स्वच्छतागृहापर्यंत चालत जायचं, हे तिच्या नशिबी यावं असं मला वाटत नव्हतं. चाकांवरचं घर, त्यात पलंग, शेगडी आणि संडास-बाथरूम. वयस्कर माणसांना घेऊन रानात राहायला याहून चांगली सोय नाही.

येलोस्टोन हे 1872 साली झालेलं अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथल्या सरोवराच्या उत्तर टोकाला फिशिंग ब्रिज नावाचा आरव्ही पार्क आहे. वीज, नळाचं पाणी आणि सांडपाण्याची जोडणी ही तिन्ही ज्याच्या-त्याच्या जागेवर मिळणारा उद्यानातला हा एकमेव तळ. इथलं बुकिंग जवळजवळ वर्षभर आधी करावं लागतं आणि जुलै-ऑगस्टच्या रात्री भराभर जातात. बुकिंग करताना गाडीची लांबी विचारतात, म्हणून तेवढा अंदाज हाताशी हवा. चार माणसांना 25 फुटी, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली ‘क्लास सी’ पुरते. ती चालवायला साधं लायसन्स चालतं. भाड्यात मैल आणि जनरेटरचे तास वेगळे धरतात का, पांघरुणं-भांडी धरून आहेत का, हे आधीच विचारून घ्या. पेट्रोल मात्र ती भरपूर पिते, लिटरला साडेतीन-चार किलोमीटर धरा. पाहुणे भारतातले असतील तर आणखी एक खर्च आहे. 2026 पासून येलोस्टोनसह 11 उद्यानांत परदेशी पाहुण्यांना वार्षिक पास नसेल तर माणशी 100 डॉलर जादा पडतात.

कापडी भिंतीचं काहीही फिशिंग ब्रिजला चालत नाही. तंबू नाही, उघडून उभा करायचा कापडी ट्रेलरही नाही. कारण अस्वलं. सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांत उन्हाळ्याच्या सुरुवातीला कटथ्रोट ट्राउट मासे अंडी घालायला चढतात आणि त्यांच्या मागे ग्रिझली येतात. म्हणजे गाडी कुठली घ्यायची यातला निम्मा निर्णय जागेनेच केलेला असतो.

आता पाण्याचं. आरव्हीत तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची, आमच्या गाडीत ती दीडशे लिटरच्या आसपास होती. दुसरी ग्रे टँक, तिच्यात मोरीचं आणि बेसिनचं पाणी जातं. तिसरी ब्लॅक टँक, संडासाची. बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात झालेली. गाडी ताब्यात घेताना तिथल्या मुलाने झडपा दाखवल्या आणि बाबा गुडघ्यावर बसून प्रत्येक झडप उघडून-मिटून बघायला लागले. तळावर सांडपाण्याची नळी जोडली की दोन्ही झडपा उघड्याच ठेवाव्यात असं कुणालाही वाटेल. माझ्या नवऱ्याने तेच विचारलं.

“अजिबात नाही,” बाबा म्हणाले. “अहो, पाणी आधी निघून जाईल आणि घाण खाली बसून राहील. मैला वाहायला पाणी लागतं.”

आरव्हीवाले नेमकं हेच सांगतात. ब्लॅक टँकची झडप मिटलेलीच ठेवायची, टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम उघडायची. ती रिकामी झाली की मग ग्रे टँक सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. त्यासाठी आदल्या दिवसापासून ग्रे टँकही मिटून ठेवावी. हातमोजे घालायचे. पिण्याच्या पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी एका पेटीत कधीही ठेवायच्या नाहीत. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर लावायचा, कारण तळावरच्या पाण्याचा जोर गाडीतल्या पाइपांना सोसेलच असं नाही. आईला संडासात टमरेल लागतंच आणि इतकं पाणी वापरलं तर चालेल का, ही तिची काळजी होती. सांडपाण्याची जोडणी असेल तर ते उलट चांगलं. जितकं पाणी जास्त तितकी टाकी स्वच्छ राहते. मात्र जोडणी नसलेल्या तळावर ही चैन नाही, तिथे टाकी बघता बघता भरते.

स्वयंपाकाची तयारी घरूनच करून निघावं. सरोवराची उंची सुमारे 2,357 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षाही 700 मीटर वर. एवढ्या उंचीवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर शिजवली तरी कणी राहते. कुकर न्याच आणि एखादी शिट्टी जास्त करा. भारतातला मिक्सर तिथल्या 120 व्होल्टवर चालत नाही, म्हणून आईने गोडा मसाला, दाण्याचं कूट, सुकं खोबरं असं सगळं कुटून डब्यांत भरलं होतं. गाडीची जोडणी 30 अँपिअरची असेल तर सगळी मिळून 3,600 वॅट वीज मिळते. हीटर, मायक्रोवेव्ह आणि चहाची किटली एकाच वेळी लावली की खटका पडलाच म्हणून समजा. तळावरच्या खांबाचं तोंड 50 अँपिअरचं निघालं तर अडॅप्टर लागतो, तो सोबत असू द्या. गाडी उभी केल्यावर ओट्यावर पाणसळ ठेवून चाकांखाली ठोकळे सरकवा. गॅसवरचा फ्रिज गाडी कलती असेल तर नीट चालत नाही.

फोडणीचं तेल मोरीत सोडू नये. ताटं आधी कागदाने पुसून मग धुवावीत, कागद अस्वलाला उघडता न येणाऱ्या कचरापेटीत टाकावा. बाहेर टेबलावर काहीही विसरायचं नाही, रिकामं पातेलंसुद्धा नाही. माणसांच्या खाण्याला चटावलेलं अस्वल पुढे बहुतेकदा जिवाला मुकतं. आपल्या एका खरकट्या डब्याची किंमत त्याने का द्यावी? अस्वल आणि लांडग्यापासून 100 यार्ड, गव्यासारख्या इतर प्राण्यांपासून 25 यार्ड अंतर ठेवणं सक्तीचं आहे. अस्वलाला पळवायचा फवारा विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्या.

मोटरहोमची एक अडचण आधी ध्यानात घ्या. गाडीच घर असल्यामुळे कुठेही जायचं तर वीज, पाणी, नळ्या सगळं सोडवावं लागतं. म्हणून आम्ही हेडन व्हॅलीतले गवे जाता-येताना बघितले आणि मधले दिवस सरोवरापाशीच काढले. मला विचाराल तर वडीलधाऱ्यांसाठी हेच उत्तम. पोहायचा बेत मात्र कुणी करू नये. पाण्याचं सरासरी तापमान 5 अंश सेल्सिअस आहे, उन्हाळ्यातही त्यात माणूस फार वेळ टिकत नाही.

ज्या पुलावरून तळाला नाव पडलं तो आजचा लाकडी पूल 1937 सालचा. एके काळी इथे गळ टाकणाऱ्यांची रांग लागायची. मासे ऐन पुलाखाली अंडी घालतात, त्यामुळे 1973 पासून पुलावरून मासेमारी बंद आहे. पुढे 1994 मध्ये सरोवरात लेक ट्राउट हा बाहेरचा मासा सापडला. तो कटथ्रोट खातो आणि खोल पाण्यात राहतो, म्हणून अस्वलांच्या किंवा गरुडांच्या हाती लागत नाही. उद्यानाच्या बोटी जाळी लावून लाखोंनी लेक ट्राउट काढत आल्या आहेत. आई कठड्याला हात टेकून बराच वेळ खाली बघत होती. वाळूवर काहीतरी हललं. “दगड नाही गं तो, मासा आहे,” ती म्हणाली. प्रवाहाकडे तोंड करून, शेपटी जेमतेम हलवत तो एका जागी थांबला होता. गळ्याखालची लाल रेघ ओळखीची खूण असते, पण वरून ती दिसत नाही.

निघायच्या सकाळी घाई करू नका. आधी ब्लॅक, मग ग्रे, मग नळी धुणे. नंतर पाणी, शेवटी वीज. गॅस बंद, पायरी आत, छतावरची झाकणं मिटलेली, कपाटांच्या कड्या लावलेल्या. हे सगळं कागदावर लिहून एकाच माणसाकडे द्यावं. आमचा कागद बाबांकडे होता. त्यांनी गाडीभोवती पूर्ण फेरी मारली, सांडपाण्याच्या तोंडाचं झाकण हाताने पिळून बघितलं आणि मगच नवऱ्याला चावी दिली.