यश थेरांवरचा ठराव

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. इथल्या वाकाटक शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं भिक्खुसंघाला दान दिलं. दान संघाला, कुणा एका महास्थविराला नव्हे. कारण सत्ता संघाची होती. विनयपिटकाप्रमाणे आधी ठराव मांडायचा, गंभीर बाब असेल तर तीनदा विचारायचं, गप्प राहिलेल्यांची संमती धरायची. वाद मिटलाच नाही तर मतासाठी शलाका, म्हणजे काड्या, वाटायच्या. घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी याच पद्धतीचा दाखला दिला आणि त्यात निषेधाच्या ठरावाचाही उल्लेख केला.

हाच ठराव तोंड बंद करायलाही वापरता येतो. बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर शंभरेक वर्षांनी वैशालीचे भिक्खू उपोसथाच्या दिवशी काशाच्या भांड्यात उपासकांकडून नाणी गोळा करत. यश थेर या ज्येष्ठ भिक्खूंनी ते चूक म्हटलं, आपला वाटाही नाकारला. संघाने ठराव करून त्यांनाच उपासकांची माफी मागायला पाठवलं. यश गेले, पण बुद्धवचनं सांगून आपली बाजू मांडली आणि उपासकांना ती पटली. चिडलेले भिक्खू त्यांना संघाबाहेर काढायला निघाले, तेव्हा यशांनी कौशांबी गाठून दूरदूरचे भिक्खू जमवले. सातशे भिक्खूंच्या संगीतीत, म्हणजे धर्मसभेत, नाणी घेण्यासह वैशालीकरांच्या दहाही वादग्रस्त प्रथा फेटाळल्या गेल्या.

विनयात एक खोटही आहे. गुप्त मतदानात अधर्माची बाजू जड दिसली, तर शलाका गोळा करणाऱ्याने मतदान रद्द करावं, असा नियम आहे. धर्म कुठला हे तो एकटाच ठरवणार! इथे विनय चुकला, असं मला ठामपणे वाटतं.

बाबासाहेबांनीही १९५० मध्ये भिक्खुसंघावर उघड टीका केली. १९५७ मध्ये निघालेल्या त्यांच्या धम्मग्रंथाच्या प्रास्ताविकात तर थेट प्रश्न आहे: भिक्खू परिपूर्ण माणूस व्हावा की समाजसेवक? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतल्यावर लाखोंना दीक्षा त्यांनी स्वतः, एका उपासकाने, दिली. आज गावोगावचे विधी बौद्धाचार्य करतात, तेही गृहस्थच. वैशालीत यशांची बाजू आधी पटली, तीही उपासकांनाच.

वर्षावासात आपल्या विहारांत धम्मग्रंथाचं वाचन होतं. वाशिमच्या उपासकांनो, यंदा एक संध्याकाळ यश थेरांच्या कथेला द्या, आणि त्याच बैठकीत विहाराच्या दानपेटीचा हिशेबही सर्वांसमोर वाचा.