मोटारीचें नांव एक, सालें अनेक

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा एक तरी मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं अमेरिकेंत आहे. तेथें बिऱ्हाडाची व्यवस्था लागते न लागते तोंच मोटारीचा प्रश्न पुढें उभा राहतो. कारण त्या देशांतील बहुतेक गांवीं मोटारीवांचून भाजी आणणेंही कठीण. नवी गाडी परवडत नाहीं म्हणून जुनी पाहावयाची, आणि जुनी म्हटली कीं मित्रमंडळी एकमुखानें सांगतात, "टोयोटाची कॅमरी घे, डोळे मिटून घे." ह्या उपदेशाचा पूर्वार्ध ठीक आहे. उत्तरार्धाविषयीं मात्र चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

कॅमरी आपल्याकडे श्रीमंतांच्या दारीं उभी दिसते. अमेरिकेंत ती मध्यम स्थितीच्या गृहस्थाची गाडी. १९८८ पासून ती केंटकी राज्यांतील जॉर्जटाउनच्या कारखान्यांत तयार होत आली आहे, आणि १९९७ पासून पुढें कित्येक वर्षें, एक २००१ साल सोडलें तर, त्या देशांत सर्वांत अधिक खपलेली प्रवासी मोटार तीच. एवढा लौकिक झाल्यावर लोक नांवावरच विसंबतात, ह्यांत नवल नाहीं. आपल्या शास्त्रकारांचा स्थालीपुलाकन्याय प्रसिद्धच आहे: हंडींतील एक शीत चेपून पाहिलें कीं सारा भात शिजला कीं नाहीं तें कळतें. पण तो न्याय एका हंडीपुरताच खरा. मोटारीचा कारखाना दर पांचसहा वर्षांनीं हंडी बदलतो, तांदूळ बदलतो, कधीं चूलही बदलतो, आणि वरचें झांकण तेवढें तेंच ठेवतो.

असा एक मोठा बदल २००६ सालीं झाला. त्या वर्षाच्या जानेवारींत डेट्रॉइटच्या प्रदर्शनांत कॅमरीचा सर्वस्वीं नवा सांचा लोकांपुढें आला आणि मार्चच्या सुमारास विक्रीस निघाला. पाडव्याच्या आधींच नवें पंचांग घरांत येतें, तशी तिकडे पुढील सालाची मोटार आदल्या सालींच बाजारांत येते. म्हणून ही गाडी '२००७ चें मॉडेल' म्हणविते. हा सांचा २०११ च्या मॉडेलपर्यंत चालला. आरंभीं त्यांत दोन प्रकारचीं पेट्रोल इंजिनें होतीं. एक चार सिलिंडरांचें, २.४ लिटरचें, मागील सांच्यापासून चालत आलेलें. दुसरें सहा सिलिंडरांचें, ३.५ लिटरचें, कॅमरींत प्रथमच बसविलेलें. आणि त्याला जोडलेला सहा गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स, तोही नवाच. (विजेची जोड असलेली हायब्रिड कॅमरी ह्याच वेळीं निघाली; तिचा विचार येथें करीत नाहीं.) 'मोटर ट्रेंड' ह्या मासिकानें २००७ सालच्या सर्वोत्तम मोटारीचा मान हिलाच दिला.

आतां एखाद्या सावध माणसानें काय अनुमान केलें असतें? चार सिलिंडरांचें इंजिन वर्षानुवर्षें राबलेलें, तेव्हां तें भरंवशाचें. सहाचें नवें, तेव्हां तें संशयास्पद. पहिला निकाल ह्या अनुमानाप्रमाणेंच लागला. 'कन्झ्युमर रिपोर्ट्‌स' हें १९३६ पासून चालणारें नियतकालिक जाहिराती घेत नाहीं, परीक्षेच्या गाड्या स्वतः पैसे मोजून आणतें, आणि दरसाल आपल्या वर्गणीदारांना त्यांच्या मोटारींच्या तक्रारी विचारून उत्तरांचा मेळ घालतें. ऑक्टोबर २००७ मध्यें त्यानें सहा सिलिंडरांच्या कॅमरीला भरंवशाच्या बाबतींत सरासरीहून खालचा दर्जा दिला. पहिल्या खेपेच्या गाड्यांत नव्या गिअरबॉक्सविषयीं तक्रारी होत्या. गिअर बदलतांना इंजिन क्षणभर उगाच घोंघावे आणि मग गाडी हिसका देई. चार सिलिंडरांच्या गाडीवर असा ठपका नव्हता. तोंपर्यंत ह्या मासिकाचा प्रघात असा कीं, टोयोटाची नवी गाडी निघाली म्हणजे पाहणीची वाट न पाहतां तिची शिफारस करावयाची. तो प्रघात त्यानें त्याच वेळीं मोडला. पूर्वपुण्याई हें प्रमाण नव्हे, हें आपल्याच वर्गणीदारांना उघड सांगावयास धैर्य लागतें.

पहिल्या वर्षाच्या गाडींत अशा चुका कां राहतात, हें समजण्यास यंत्रशास्त्र यावें लागत नाहीं. अभ्यासक्रम बदलून नवें पाठ्यपुस्तक आलें कीं पहिल्या आवृत्तींतील चुका वर्गांत पोरें वाचूं लागलीं म्हणजेच सांपडतात. लेखक, संपादक व मुद्रक तिघांच्याही डोळ्यांखालून त्या सुटलेल्या असतात. नवे सुटे भाग, ते पुरविणारे नवे कारखानदार, ते बसविणारे नवशिके हात, ह्या सर्वांची घडी बसण्यास वर्षदीड वर्ष जातें. म्हणून "नव्या सांच्याचें पहिलें साल घेऊं नये" हा जाणत्यांचा नियम एकंदरींत बरोबरच आहे. पण ह्या कॅमरीनें तो नियमही अपुरा ठरविला.

इंजिनांतील पिस्टनभोंवतीं रिंगा असतात. सिलिंडरच्या भिंतीवर चढलेलें ऑइल खरवडून खालीं परत पाठविणें हें त्यांतील एकीचें काम, आणि तें परत जाण्यासाठीं पिस्टनला बारीक भोकें ठेवलेलीं असतात. २००७ ते २००९ च्या चार सिलिंडरांच्या गाड्यांत हीं भोकें काजळीनें बुजूं लागलीं. ऑइल वरच राहूं लागलें आणि पेट्रोलाबरोबर जळूं लागलें. हें पहिल्या वर्षीं दिसलें नाहीं, दुसऱ्याही नाहीं. गाड्या पुष्कळ चालून झाल्यावर धन्याच्या लक्षांत येऊं लागलें कीं तळाशीं थेंबभर गळती नसतां ऑइल मात्र कमी होतें आहे. २०११ मध्यें टोयोटानें आपल्या दुरुस्तीगृहांना ह्याविषयीं सूचनापत्र धाडलें, आणि २०१५ च्या सुमारास हमी वाढविली: १२०० मैलांत, म्हणजे सुमारें १९०० किलोमीटरांत, एक क्वार्टाहून (जवळजवळ लिटरभर) अधिक ऑइल जळालें, तर १० वर्षें किंवा १,५०,००० मैल ह्यांपैकीं जें आधीं भरेल तोंपर्यंत पिस्टन व रिंगा फुकट बदलून मिळतील.

आतां पाहा, २००७ सालीं जिला नांवें ठेविलीं ती सहा सिलिंडरांची गाडी गिअरबॉक्सच्या दुरुस्त्या झाल्यावर दीर्घायुषी निघाली. तिच्या इंजिनाची आज टिकाऊ इंजिनांत गणना होते. जी निर्दोष सुटली, तिच्या पोटांत मात्र दुखणें वाढत होतें. पाहणी खोटी नव्हती. एक वर्षाच्या गाडीला जें विचारतां येतें तेवढेंच तिनें विचारलें होतें. दहा वर्षांनीं काय होईल, हें त्या प्रश्नपत्रिकेंतच नव्हतें. आणि आपला विद्यार्थी गाडी घेतो ती दहा वर्षांनंतरच. पहिला धनी हमीच्या काळांत सुखानें चालवून मोकळा होतो आणि इंजिनाचा खर्च तिसऱ्याच्या गळ्यांत पडतो. त्यांत धोकाही आहे, कारण ऑइल निमूटपणें उतरतें. दिवा लागेपर्यंत इंजिनाची झीज कधीं कधीं होऊन गेलेली असते.

मग मागच्याच सांच्याची, २००२ ते २००६ ची, गाडी घ्यावी काय? तेथें ह्याच २.४ लिटरच्या इंजिनांत वरचें हेड आवळून धरणाऱ्या बोल्टांचे आटे निकामी होण्याची खोड होती. पुढें आटे लांब करून ती खोड काढली. पण आटे सुधारले त्याच सुमारास पिस्टन बिघडला! २०१० च्या मॉडेलपासून मात्र चार सिलिंडरांचें इंजिनच बदललें. २.५ लिटरचें नवें इंजिन आलें, त्यालाही सहा गिअर मिळाले, आणि ऑइल पिण्याचें तें दुखणें मागें राहिलें. थंड असतां सुरू करतांना कांहीं गाड्या क्षणभर खडखडतात, पण तेवढ्यानें प्राण जात नाहीं. बाहेरून पाहिलें तर २००९ ची व २०१० ची गाडी बहिणी-बहिणी दिसतात. भाव करतांना हें अवश्य ध्यानांत असावें.

एकाच सालांतही भेद असतो. जानेवारी २०१० मध्यें अॅक्सिलरेटरचें पेडल दबलेलें अडकूं शकतें म्हणून टोयोटानें अमेरिकेंत सुमारें २३ लाख गाड्या परत बोलाविल्या. त्यांत २००७ ते २०१० च्या कांहीं कॅमरीही होत्या. परंतु जपानांत बनलेल्या कॅमरींचीं पेडलें दुसऱ्या कारखानदाराचीं, म्हणून त्या वगळल्या गेल्या. हें ओळखावयाचें चेसिस नंबरावरून. त्यांतील १७ अक्षर-अंकांपैकीं पहिलें अक्षर 'जे' असलें तर गाडी जपानांतली. आणि दहावें चिन्ह मॉडेलचें साल सांगतें: ७ म्हणजे २००७, ९ म्हणजे २००९, 'ए' म्हणजे २०१० व 'बी' म्हणजे २०११. विकणारा तोंडानें कांहींही सांगो, हा नंबर खोटें सांगत नाहीं. अमेरिकन सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर तो घातला, तर परत बोलावण्याचें कोणतें काम राहून गेलें आहे तेंही विनामूल्य कळतें.

आज ह्या गाड्या पंधरा ते वीस वर्षांच्या झाल्या, आणि वाढविलेली ती हमीही संपली. म्हणून घरच्या मुलाला पत्रीं वा फोनवर सांगावयाचें तें असें. तुलना करतांना वयाचा हिशेब आधीं मांड. २००७ ची वीस वर्षांची होत आली असतां तिच्या आजच्या तक्रारी २०११ च्या आजच्या तक्रारींशीं मोजणें म्हणजे थोरल्या-धाकट्यांना एकाच वर्गांत बसविणें होय. चार सिलिंडरांची पाहत असशील तर २०१० किंवा २०११ ची पाहा. २००७ ते २००९ ची स्वस्तांत मिळत असेल, तर पिस्टन बदलल्याची पावती माग, आणि ती नसेल तर मागील दोनचार वर्षांत ऑइल केव्हां व किती घातलें त्याचा हिशेब विचार. सपाट जागीं, इंजिन निवालेलें असतां, पट्टी पुसून स्वतःच्या डोळ्यांनीं ऑइल बघ. घेतल्यावरही दर पंधरवड्यास बघत जा. विकणारा पट्टी काढूं देण्यास कुरकुरला, तर दुसरी गाडी पाहावी.