क्रियापदाचे सोबती

दिल्ली शहराच्या उत्तरेस जो खडकाळ डोंगरकणा पसरला आहे, त्याच्या माथ्यावर हिंदूराव या नावाचे एक मोठे रुग्णालय आहे. तेथे रोज येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, हे नाव एका मराठी सरदाराचे आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा 1835 साली खून झाला आणि त्यानंतर टेकडीवरील त्याचा बंगला हिंदूरावांकडे आला. हिंदूराव 1855 साली वारले. वास्तूला मात्र त्यांचे नाव चिकटले ते कायमचेच. पुढे दोनच वर्षांनी, 1857 च्या जून महिन्यात, इंग्रजी फौजेने या टेकडीवर तळ दिला आणि हिंदूरावांचा वाडा हे तिचे आघाडीचे ठाणे झाले.

ही हकीकत मराठीत सांगताना कोणी म्हणेल, मेरठला उठाव झाला, टेकडीवरील फौज टिकून राहिली, तिने हल्ले परतवले आणि 14 सप्टेंबरला काश्मिरी दरवाजा उडवून दिला. तीच हकीकत इंग्रजीत सांगू लागावे, तो निराळाच प्रकार दिसतो. उठाव होणे म्हणजे ‘ब्रेक आउट’, टिकून राहणे म्हणजे ‘होल्ड आउट’, हल्ला परतवणे म्हणजे ‘बीट ऑफ’ आणि उडवून देणे म्हणजे ‘ब्लो अप’. यांतील क्रियापदे शाळेतील लहान मुलालाही येतात. ‘ब्रेक’ म्हणजे मोडणे, ‘होल्ड’ म्हणजे धरणे, ‘बीट’ म्हणजे मारणे, ‘ब्लो’ म्हणजे फुंकणे. ‘आउट’, ‘ऑफ’, ‘अप’ ही क्रियाविशेषणे तर त्याहून सोपी. पण दोन सोपे शब्द हातात हात घालून उभे राहिले की त्यांचा अर्थ अवघड होऊन बसतो.

सुशिक्षित मराठी माणसाला इंग्रजीत जड शब्दांची भीती वाटत नाही. तो अडतो तो या हलक्या शब्दांपाशी. ‘पोस्टपोन’ आणि ‘टॉलरेट’ हे शब्द तो बिनचूक वापरतो. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सोसणे, हे त्याच्या ध्यानात राहत नाही. यात त्याने कमीपणा मानण्याचे कारण नाही. डॉक्टर जॉन्सनने 1755 साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने कबूल केले होते की, परकीयांना सर्वांत अधिक अडचण पडते ती या जोडक्रियापदांची. या प्रकाराला इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ असे जे नाव आहे, ते 1925 साली लोगन पिअरसॉल स्मिथ याच्या ग्रंथातून रूढ झाले. ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवले होते. म्हणजे वस्तू शेकडो वर्षांची आणि बारसे मात्र अलीकडचे!

या जोड्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात दोन्ही शब्द आपापला अर्थ राखून असतात. ‘गो आउट’ म्हणजे बाहेर जाणे, ‘कम इन’ म्हणजे आत येणे. येथे अडण्यासारखे काही नाही. दुसऱ्या वर्गात क्रियाविशेषण दिशा सांगत नाही, तर क्रिया पुरी झाल्याचे सांगते. ‘ईट’ म्हणजे खाणे, तर ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे. ‘यूज’ म्हणजे वापरणे, तर ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. या ‘अप’मध्ये ‘वर’ शोधू गेल्यास काहीच सापडणार नाही. तिसऱ्या वर्गात दोन्ही शब्द आपला मूळ अर्थ सोडतात आणि तिसराच अर्थ उभा राहतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणे आणि ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे.

मराठी माणसाने हे सारे परके मानून घोकत बसावे काय? मुळीच नाही. त्याच्या घरात हा व्यवहार रात्रंदिवस चालू असतो. ‘मागे घेणे’, ‘पुढे ढकलणे’, ‘मागे पडणे’, ‘वर काढणे’ या जोड्या त्याच धर्तीच्या आहेत. तक्रार मागे घेतली, याचा अर्थ कोणी ती पाठीमागे नेऊन ठेवली असा करत नाही. शिवाय इंग्रजीचे क्रियाविशेषण जे काम करते, त्यांतले पुष्कळसे काम मराठीत दुसरे क्रियापदच करते. ‘त्याने पैसे दिले’, ‘त्याने पैसे देऊन टाकले’ आणि ‘तो पैसे देऊन बसला’ या तीन वाक्यांत रक्कम तेवढीच आहे. पण पहिल्यात नुसता व्यवहार आहे, दुसऱ्यात सुटका आहे आणि तिसऱ्यात पश्चात्ताप. ज्या 1857 सालात हिंदूरावांच्या वाड्याभोवती तोफा धडाडत होत्या, त्याच साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तो कोश हाती घेऊन मराठी शिकणाऱ्या साहेबालाही ‘देऊन बसला’ मध्ये बसण्याचा काय संबंध, हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही.

संस्कृतकडे वळले तर नाते आणखी जवळचे दिसते. ‘हृ’ या एकाच धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे परस्परांशी ओळखही न सांगणारे शब्द झाले. लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी येतो. परंतु वेदात तो धातूनंतरही येतो आणि मध्ये इतर शब्द घालून दूरही उभा राहतो, असे पाणिनीने नोंदून ठेवले आहे. इंग्रजीतील ‘अप’ आणि ‘ऑफ’ यांची चाल अगदी अशीच आहे.

या चालीचा एक नियम मात्र नीट ध्यानात ठेवावयास हवा. सभा लांबणीवर टाकली हे सांगताना ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. पण सभेऐवजी सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ हे अशुद्ध. याउलट ‘लुक आफ्टर’, म्हणजे सांभाळ करणे, यातील ‘आफ्टर’ हे क्रियाविशेषण नसून नामाशी जोडलेले शब्दयोगी आहे. म्हणून तेथे ‘लुक आफ्टर हिम’ असेच म्हणावे लागते. ‘टर्न ऑफ’ या जोडीत तर दोन्ही प्रकार एकत्र भेटतात. ‘ही टर्न्ड ऑफ द लॅम्प’ म्हणजे त्याने दिवा मालवला; ‘ही टर्न्ड ऑफ द रोड’ म्हणजे तो रस्ता सोडून वळला. दिव्याच्या बाबतीत ‘टर्न्ड इट ऑफ’ म्हणता येते, रस्त्याच्या बाबतीत नाही. कानालाही खूण पटते: क्रियाविशेषणावर बोलणाऱ्याचा आघात पडतो, शब्दयोगी सहसा हलकेच उच्चारले जाते.

आणखी एक भेद प्रसंगाचा. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे दरबारात व न्यायालयात फ्रेंच शब्द मानाने बसले. ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ यांसारखे शब्द घरातच राहिले. म्हणून कचेरीच्या कागदावर सभा ‘पोस्टपोन’ होते आणि बोलताना ती ‘पुट ऑफ’ होते. जशी मराठीत ती टिपणीत ‘तहकूब’ होते आणि ओटीवर ‘पुढे ढकलली’ जाते. जो केवळ टिपणीची भाषा शिकला, त्याला माणसांचे बोलणे अर्धेच कळते.

आणि कधीकधी अर्धे कळणे पुरत नाही. एखाद्या इस्पितळाच्या ओसरीत मुलगा बातमीची वाट पाहत उभा आहे अशी कल्पना करावी. आत वडिलांना ‘पास आउट’ झाले असे कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ ते बेशुद्ध पडले एवढाच. ‘पास अवे’ म्हटले, तर सारे संपले. त्याच मुलाने महाविद्यालय सोडताना ‘पास आउट’ हा शब्द उत्तीर्ण झाल्याच्या आनंदात वापरलेला असतो! पुढे ‘कम राउंड’ असे कानी पडले, तर वडील फिरून आले नाहीत, शुद्धीवर आले आहेत. त्या घटकेला त्या घराचे सारे दैव दोन अक्षरांच्या एका क्रियाविशेषणावर टांगलेले असते.

म्हणून हे सोबती क्षुल्लक समजून वगळू नयेत. त्यांची यादी पाठ करण्यापेक्षा वाक्यात, माणसांच्या तोंडी ते ऐकावेत आणि ‘खाऊन टाकणे’, ‘देऊन बसणे’ यांच्या शेजारी ठेवून पाहावेत. टेकडीवरचा फ्रेझरचा बंगला एका मराठी नावाच्या सोबतीने हिंदूराव झाला आणि त्याची मूळची ओळख पुसून गेली. इंग्रजी क्रियापदाचेही तसेच आहे: त्याच्याशेजारी कोण उभे आहे हे पाहिल्याखेरीज त्याची ओळख पटत नाही.