कॅनच्या बुडावरची तारीख

पुण्याची हेझी आयपीए चांगली की बंगळुरूची, आणि गोव्याची या दोघींच्या पुढे की मागे, हा वाद बिअरच्या शौकिनांत हल्ली हिरिरीने घातला जातो. बहुतेक वेळा तो नावावर येऊन थांबतो: ज्याचं नाव मोठं, त्याची बिअर सरस. हा वाद मंडणगडात बसून घातला तर निराळा दिसेल. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या या तालुक्यात बिअर गाळण्याचा कारखाना नाही आणि तालुक्यातून कोकण रेल्वेही जात नाही. पुण्याचा माल आणायचा तर ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरून महाडमार्गे, गोव्याचा आणायचा तर मुंबई-गोवा महामार्गाचे धक्के खात. म्हणजे इथे सगळेच प्रतिस्पर्धी पाहुणे, घरचं कुणी नाही. आणि नेमकं इथूनच कळतं, की बिअरच्या या एका प्रकारात नावांची शर्यत लावण्यात फारसा अर्थ नाही. शर्यत असते ती दिवसांची, तापमानाची आणि प्राणवायूची.

मुळात ही बिअर काय आहे ते पाहू. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. तिच्यात हॉप्स या वेलीची फुलं सढळ हाताने पडतात. जुन्या पद्धतीत हॉप्स उकळत्या काढ्यात जातात आणि बिअर कडू, स्वच्छ, पारदर्शक होते. हेझी प्रकारात जवाबरोबर गहू आणि ओट्स येतात, आणि हॉप्सचा मोठा वाटा उकळी थांबल्यावर, किंवा आंबवण चालू असताना आणि संपल्यावर गार टाकीत टाकला जातो. लिटरला आठ-दहा ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. कडवटपणा काढ्यात फारसा उतरत नाही, पण हॉप्समधली सुगंधी तेलं उतरतात. शिवाय यीस्ट त्या तेलांवर आपलं काम करून काही रेणू बदलून टाकतं. म्हणून पेल्यात आंबा, पेरू, संत्रं यांचा वास येतो, फळाचा एक थेंबही न घालता. पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइड जास्त ठेवलं की बिअर जिभेला मऊ लागते. ती गढूळ दिसते, कारण धान्यातली प्रथिनं आणि हॉप्समधले पॉलिफेनॉल एकमेकांना धरून तरंगत राहतात. तळाला यीस्टचा चिखल साचला असेल तर तो मात्र दोषच. त्याला शैली म्हणून खपवू नये.

या प्रकाराचा उगम अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँट राज्यात झाला असं मानतात. वॉटरबरी गावात २००३ साली सुरू झालेल्या ‘द अल्केमिस्ट’ या छोट्या ब्रूपबमध्ये जॉन किमिच ‘हेडी टॉपर’ नावाची बिअर गाळत. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो पब बुडाला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या नव्या कारखान्यातून हेडी टॉपरचे पहिले कॅन बाहेर पडले. पुढे लोक शेकडो मैल गाडी हाकत ते कॅन घ्यायला व्हरमाँटला जाऊ लागले. दूर पाठवून खप वाढवणं शक्य असूनही अल्केमिस्टने आपली विक्री बराच काळ जवळपासच्या भागापुरतीच ठेवली आणि बिअर गार ठेवा, ताजी प्या, असं गिऱ्हाइकाला पुन्हापुन्हा बजावलं. ‘ज्यूसी किंवा हेझी’ हा प्रकार अमेरिकेच्या ब्रूअर्स असोसिएशनच्या अधिकृत यादीत आला तो २०१८ साली. म्हणजे कीर्ती आधी, व्याख्या मागून. आणि ती कीर्ती ज्या बिअरची, तीच गाव सोडायला तयार नव्हती.

यातली गंमत इतिहासाने आणखी वाढवली आहे. आयपीएच्या नावातला ‘इंडिया’ आला तोच मुळी लांबच्या प्रवासामुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनच्या कारखान्याची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून, आफ्रिकेला वळसा घालून, मुंबई-कलकत्त्याला येत असे. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपनेही त्या व्यापारात उडी घेतली. हॉप्समधली कडू आम्लं जंतूंना रोखतात, म्हणून भरपूर हॉप्सची बिअर पाच-सहा महिन्यांचा समुद्र सोसत असे. (खास हिंदुस्थानसाठीच तिचा शोध लागला ही मात्र दंतकथा. काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येत होती आणि इथे भरपूर खपत होती.) मंडणगड तालुक्यातलं बाणकोट १७५६ च्या तहाने कंपनीकडे गेलं होतं आणि तिथल्या किल्ल्याला इंग्रज फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत. त्या काळी साहेबाची बिअर सातासमुद्रापार टिकत होती. आज तिचीच नात महाडहून मंडणगडपर्यंत धड पोचेल याची खात्री नाही. आजीचा कडवटपणा टिकाऊ होता. नातीचा सुगंध उडून जाणारा आहे.

उडून जातो म्हणजे नेमकं काय होतं? हॉप्सची तेलं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावली की फळांचा वास विरतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा, शिळ्या मधासारखा वास येतो. गव्हा-ओट्सचं जादा प्रथिन आणि हॉप्समधून आलेलं मँगनीज ही क्रिया आणखी लवकर घडवतात. हे डोळ्यांनीही दिसतं. ताजी हेझी फिकट पिवळी असते, शिळी होत गेली की तिच्यावर करडी-जांभळट छटा चढते. म्हणूनच चांगले कारखाने कॅनमधला प्राणवायू अब्जांशांत मोजतात आणि तो पन्नासच्या आत ठेवायची धडपड करतात. उष्णतेचा हिशेब याहून निर्दय. अमेरिकन बिअर व्यवसायात एक ढोबळ नियम सांगतात: सुमारे ३ अंश सेल्सिअसला ३०० दिवसांत जितकी झीज, तितकीच २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३२ अंशांना अवघ्या ३ दिवसांत. हा आडाखा साध्या बिअरचा. हेझी त्याहून नाजूक. आता मे महिन्यातली किनारपट्टी डोळ्यांपुढे आणा. उन्हात उभा असलेला टेम्पो, वितरकाचं पत्र्याचं गोदाम, बिअर शॉपीतला फ्रीज, आणि वाऱ्यापावसात तासन् तास जाणारी वीज. कॅन फ्रीजमधून गारेगार हाती येतो, पण आधी तो किती दिवस तापला होता हे तो सांगत नाही.

आता मूळ वादाकडे येऊ. पुणे, बंगळुरू, गोवा यांच्यात तुलना करायची तर फरक पाडणारी गोष्ट कोणती? कच्चा माल नव्हे. हॉप्सच्या वेलीला उन्हाळ्यातला लांबलचक दिवस आणि कडक थंडी लागते. आपल्याकडे हिमाचलच्या लाहौलमध्ये थोडं पीक निघतं, बाकी सिट्रा, मोझेक वगैरे वाण अमेरिकेच्या याकिमा खोऱ्यासारख्या ठिकाणांहून पाकिटबंद गोळ्यांच्या रूपात येतात. पुण्यात तेच, बंगळुरूत तेच, गोव्यातही तेच. यीस्टच्या जातीही बहुतेकांच्या सारख्याच. रत्नागिरी आणि देवगडच्या हापूसबद्दल भांडताना निदान माती, कातळ, खारा वारा यांची साक्ष काढता येते, आणि तो आंबा झाडावरून कच्चा उतरून, वाटेत आणि अढीत पिकत जातो. प्रवास त्याच्या पथ्यावर पडतो. हेझीच्या मागे मातीचा आधार नाही आणि ती वाटेत पिकत नाही, फक्त उतरत जाते. तेव्हा एकाच कृतीच्या दोन बिअरांत, चार दिवसांपूर्वीची टाकीतली आणि दोन महिन्यांपूर्वीची कॅनमधली यांत जो फरक लागतो, तो दोन शहरांतला नसून दोन तारखांतला असतो.

नावाजलेल्या ब्रूअरींचं वागणंही हेच सांगतं. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, पुण्यात २००९ साली सुरू झाली. तिच्या मागोमाग मुंढव्याची इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी, ग्रेट स्टेट एलवर्क्स असे आणखी खेळाडू आले. २०१० मध्ये बंगळुरूत उघडलेल्या टॉइटचं नाव देशभर झालं तेव्हा तिने पुण्यात आणि मुंबईत स्वतःच्या टाक्या बसवल्या. मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरमधल्या ब्रूपबचं नाव घेऊन आर्बर बंगळुरूत आली तीही इथेच बिअर गाळायला. अर्थात याला अबकारी कायद्याचंही कारण आहे. दारू हा राज्यांचा विषय, प्रत्येक राज्याचं शुल्क वेगळं, लेबलची नोंदणी वेगळी, सीमा ओलांडायची तर परवाने वेगळे. पण त्या कटकटीचा परिणामही शेवटी तोच: माल जितका लांब जायचा, तितका जास्त वेळ कुठल्या तरी गोदामात पडून राहायचा.

यावर पहिला आक्षेप असा, की ताजेपणा म्हणजे कौशल्य नव्हे. हा आक्षेप बराचसा खरा आहे. अडाणी हाताची ताजी बिअर ताजीच वाईट असते. गाळताना टाकीत हवा शिरली तर ती पुण्यात पुण्याचीच पितानाही शिळी लागेल. लोण्यासारखा तेलकट वास येणारी, आंबवण अर्धवट सोडलेली बिअर स्थानिक म्हणून माफ करायचं कारण नाही. मोठ्या नावांकडे प्राणवायू मोजणारी यंत्रं असतात, प्रत्येक घाण्याची नोंद असते, आणि दहाव्या खेपेलाही तीच चव देण्याची शिस्त असते. पण हे कौशल्य बिअर कारखान्याबाहेर पडेपर्यंतच काम करतं. पुढच्या प्रवासात शिस्त ब्रूअरची नसते, ती टेम्पोवाल्याची आणि दुकानदाराची असते. म्हणून चांगल्या स्थानिक ब्रूअरने टाकीतून थेट नळाला दिलेली बिअर थोर ब्रूअरच्या थकलेल्या कॅनला हरवते, यात त्या थोर ब्रूअरचा अपमान नाही. सुमार ब्रूअरला मात्र ही सवलत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: बिअर ताजी असेल हो, पण तिच्यातले हॉप्स ताजे आहेत का? याकिमाला तोडणी होते ऑगस्ट-सप्टेंबरात, वर्षातून एकदाच. चांगले लॉट मोठे खरेदीदार तिथे जाऊन, वास घेऊन, आगाऊ करारात उचलतात. उरलेल्यातला माल कंटेनरने न्हावा-शेव्याला येतो, आणि छोट्या ब्रुअरीत फोडलेलं पाकीट पुढच्या घाण्यापर्यंत नीट न मिटता राहिलं तर सुगंध तिथेच संपतो. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि म्हणूनच व्हरमाँटमध्ये बसून प्यायलेल्या हेडी टॉपरशी आपल्या कुणीही बरोबरी सांगू नये. पण ही अडचण पुणे, बंगळुरू आणि गोवा तिघांनाही सारखीच आहे. सांगोल्ड्याच्या गोवा ब्रूइंग कंपनीच्या ‘एट फिंगर एडी’ या आयपीएलाही हॉप्स सातासमुद्रापलीकडूनच येतात. आपसातल्या तुलनेत हा मुद्दा कुणाचंच पारडं जड करत नाही.

उलट बाजूने एक सावधगिरीची सूचना. ताजी म्हणजे कालची असंही नाही. गार टाकीत हॉप्स घातल्यावर त्यांचा बारीक भुगा तरंगत असतो आणि तो घशाला मिरमिरतो. आठवडा-दोन आठवडे बसू दिलं की बिअर गोल होते. पबमध्ये घाईने लावलेली टाकी आणि दोन आठवड्यांचा नीट गार ठेवलेला बंगळुरूचा कॅन यांत कॅन जिंकू शकतो. म्हणून खरी तुलना करायची तर दोन्ही बिअर एकाच वयाच्या, सारख्याच गार राहिलेल्या, लेबल झाकून ठेवायला हव्यात. अशी परीक्षा क्वचितच होते, कारण तिच्यात बढाईला जागा उरत नाही.

मग मंडणगडच्या दुकानदाराने काय करावं? माझ्या मते हेझीचा हट्ट धरू नये. खपणारा बहुतेक माल स्ट्राँग लागरचाच असतो, आणि लागर उष्णतेने बिघडते, पण हॉप्सच्या सुगंधावर उभी नसल्याने तिचं नुकसान कमी जाणवतं. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर वाढतं पर्यटन पाहून कुणी इथेच ब्रुअरी काढेल का? काढावी, पण हेझीसाठी लागणारं चोवीस तासांचं गारठवण आणि त्यासाठीची वीज यांचा हिशेब आधी मांडावा. पावसाळ्यात पर्यटक नसताना भरलेली टाकी कुणाच्या घशात रिकामी करायची, हाही. त्यापेक्षा पुण्याच्या ग्रेट स्टेटने केलेला एक प्रयोग या भागाला जवळचा आहे: कोकम आणि मीठ घातलेली आंबट एल. तिच्यातला आंबटपणा जंतूंना दूर ठेवतो आणि हॉप्सचा वास तिच्यात मुळात कमीच, त्यामुळे उडून जाण्यासारखं फारसं काही नसतं. शिवाय त्या कोकमाला रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं भौगोलिक मानांकन आहे. सिट्राला इथल्या कातळाशी देणंघेणं नाही, कोकमाच्या रातांब्याला आहे. बंगळुरूशी किंवा गोव्याशी टक्कर घ्यायचीच असेल, तर जे त्यांना बाहेरून विकत आणावं लागेल आणि मंडणगडला परसात मिळेल, तिथून सुरुवात करणं शहाणपणाचं ठरेल. हेझी प्यायची तर पुण्याला जाऊन प्यावी, नळासमोर बसून, आणि टाकी कधी लावली ते विचारून.